जर्मनीत सुट्टीतली नोकरी आणि सांगलीतले सर

ताई,
मी तासगाव तालुक्यातला. सांगलीच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षीच्या पावसानं बाग गेली, सोसायटीचं कर्ज थकलंय. इथे जर्मन भाषेचा क्लास चालवणारे एक सर मुलांना सुट्टीत ९० दिवसांच्या कामाला जर्मनीला पाठवतात. ‘फेरिएनजॉब’ म्हणतात त्याला. गोदामात पार्सलं लावायचं काम. फी २ लाख ४० हजार, तिकीट वेगळं. तीन महिन्यांत ६ लाख सुटतात म्हणे. हे महाराष्ट्र सरकारच्या जर्मनीशी झालेल्या करारातलंच आहे, असंही सर सांगतात. मी २५ हजार मोबाइलवरून भरलेत, पासपोर्ट त्यांच्याकडे जमा आहे. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. माझी परीक्षा २८ मेला संपते, कॉलेज ६ जुलैला सुरू होतं आणि काम १ जून ते २९ ऑगस्ट आहे. सर म्हणतात, सुट्टीचा दाखला आम्ही करून देतो. कराराचे फोटो पाठवतोय, जर्मनमध्ये आहे, आम्हाला वाचता येत नाही. आम्ही पाचजण आहोत. जाऊ का?
– एक विद्यार्थी

प्रिय मित्रा,

नको जाऊस. या रस्त्यानं तर नकोच, आणि पाटल्यांना हातही लावू देऊ नकोस. का ते सविस्तर सांगते, पण त्याआधी एक काम आजच्या आज कर. पासपोर्ट परत आण.

पासपोर्ट तुझ्या नावाचा असला तरी १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. क्लासवाल्या सरांना तो ‘जमा’ करून ठेवायचा कसलाही अधिकार नाही. व्हिसासाठी लागतो म्हणतील. पण व्हिसाच्या अर्जाला तुला स्वतःलाच केंद्रावर हजर राहावं लागतं, तिथे बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि पासपोर्ट तू त्या खिडकीवर तुझ्या हातानं देतोस. तोवर तो घरच्या कपाटात राहू दे. मागताना वाद घालू नकोस. ‘बँकेत केवायसीला हवाय’ म्हण, नाहीतर सरळ ‘मला माझा पासपोर्ट हवाय’ म्हण, पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून माग. म्हणजे मागितल्याची नोंद राहील. दिला नाही तर पोलिसांत जाताना तोच पुरावा.

आता करार. तू पाठवलेली दोन्ही पानं मी नीट वाचली. मी स्टुटगार्टजवळ राहते, असे करार इथे रोज बघण्यात येतात. त्यामुळे पहिल्या पानावरच्या एका आकड्यापाशीच थबकले.

ताशी मजुरी ९.५० युरो लिहिली आहे. जर्मनीत किमान वेतन कायद्यानं ठरलेलं असतं, आणि १ जानेवारी २०२६पासून ते ताशी १३.९० युरो आहे. ९.५० हा दर २०२१च्या पहिल्या सहा महिन्यांतला. म्हणजे कुणीतरी पाच वर्षांपूर्वीचा कागद काढून वरची तारीख आणि नाव बदललंय. खरा मालक, जो दर महिन्याला पगारपत्रक काढतो, कर भरतो, ज्याच्याकडे तपासणीला कस्टम्स खात्याचे लोक येऊ शकतात, तो स्वतःच्या करारात बेकायदा आकडा असा उघड लिहीत नाही.

दुसरी ओळ कामाच्या तासांची. तिथे ‘नाख बेदार्फ’ असं लिहिलंय, म्हणजे गरज पडेल तसं. आठवड्याला ४० तास कुठेच नाहीत. सरांचे ६ लाख मात्र ४० तास धरूनच येतात. मीही करून बघितलं. ९० दिवस म्हणजे साधारण तेरा आठवडे, ४० तासांनी ५२० तास, १३.९०नं ७ हजार २२८ युरो. एक युरो १०० रुपये धरला तरी सव्वासात लाख होतात. म्हणून सरांचा आकडा ऐकायला खरा वाटतो. पण तुझ्या करारात ते तासच नाहीत. करारात आठवड्याचे तास ठरलेले नसतील तर २० तास ठरलेत असं जर्मन कायदा मानतो. करारातल्या दरानं आठवड्याला २० तासांचे तीन महिन्यांत २ हजार ४७० युरो होतात. त्यातून खोलीचे महिन्याला ५५० युरो पगारातून कापू, हे दुसऱ्या पानावर आहेच, म्हणजे १ हजार ६५० गेले. उरले ८२० युरो. तेवढ्यात तीन महिन्यांचं जेवण, प्रवास आणि कर भागवायचा, आणि तुझ्या घरी २ लाख ४० हजार अधिक तिकिटाचं कर्ज. कायद्यानं तू १३.९०चा हक्कदार असशील, करारात काहीही लिहिलेलं असो. पण तो हक्क परक्या देशात, भाषा येत नसताना, ९० दिवसांत भांडून मिळवायचा.

कामाच्या ठिकाणापुढे ‘बुंडेसवाइट’ आहे, म्हणजे देशभरात कुठेही. वरती एका गावातल्या कंपनीचं नाव आहे, खाली शिक्का दुसऱ्याच कंपनीचा. आणि मध्येच काम सोडलं तर दीड हजार युरो दंड. हे शेवटचं वाचून मला खरोखर राग आला. वीस वर्षांच्या मुलाला न समजणाऱ्या भाषेत दंडाचं कलम घालायचं, आणि ‘सही कर, बाकी सगळं आम्ही बघतो’ म्हणायचं.

असं असलं तरी फेरिएनजॉब हा प्रकार खोटा नाही. तो आहे आणि चांगला आहे. जर्मनीबाहेरच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना सुट्टीत तिथे काम करता यावं म्हणून कायद्यात तशी सोय आहे. बारा महिन्यांत जास्तीत जास्त ९० दिवस. शेतात, हॉटेलात, गोदामात, साफसफाईचं, असं अंगमेहनतीचं काम असतं. पण त्याला एक अट आहे आणि तिच्यातच सरांचा सगळा धंदा उघडा पडतो. ही नोकरी जर्मनीच्या केंद्रीय रोजगार खात्यामार्फत लागलेली असावी लागते. त्या खात्याचा परदेशी भरतीचा विभाग आहे, त्याला झेडएव्ही म्हणतात, मुख्यालय बॉनला. अर्ज विद्यार्थ्यानं तिथे करायचा, सोबत विद्यापीठाचा दाखला आणि सुट्टीच्या अधिकृत तारखा द्यायच्या. ते खातं या कामाचे पैसे घेत नाही. सरांना एवढंच विचार: ‘झेडएव्हीचं माझ्या नावाचं पत्र दाखवा.’ ते नसेल तर फेरिएनजॉब नाही, मग २ लाख ४० हजार भर नाहीतर ४० हजार. पत्र दाखवलंच तर त्याचा फोटो काढ, त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या ईमेलवर पाठव आणि खरं आहे का विचार. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

सुट्टीच्या तारखांचं नीट समजून घे, कारण तुम्ही पाचजण इथेच सर्वांत जास्त अडकाल. ही नोकरी फक्त सुट्टीत करता येते. तुझी सुट्टी २८ मे ते ६ जुलै, म्हणजे जेमतेम साडेपाच आठवडे. ९० दिवस त्यात बसतच नाहीत. म्हणून सर ‘दाखला करून देतो’ म्हणताहेत. हा दाखला खोटा असणार आणि त्यावर सही तुझी असणार. व्हिसाच्या अर्जात खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातो आणि त्याची नोंद राहते. पुढे कधी शिकायला जायचं म्हटलंस की ती नोंद पुन्हा समोर येईल. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तू कॉलेजात गैरहजर राहशील, तिसऱ्या वर्षाची सुरुवातच उपस्थितीच्या कटकटीनं होईल. सरांना यातलं काहीच भोगावं लागत नाही.

हे असंच एकदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. इंडोनेशियात २०२३ साली विद्यापीठांमधून मुलांना फेरिएनजॉबच्या नावाखाली जर्मनीला पाठवलं. ही इंटर्नशिप आहे, तिचे गुण अभ्यासक्रमात धरले जातील, असं सांगून. ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे इंडोनेशियातलं सत्र चालू असताना. मुलं पोचली आणि त्यांना माल उचलायला, खोकी भरायला लावलं. करार जर्मन भाषेत, वाचता कुणालाच येत नव्हता. अगोदर फी भरलीच होती, वर ३ ते ५ कोटी रुपयांचं कर्ज डोक्यावर (रुपये तिथले, आपल्या हिशोबानं दीड ते अडीच लाख), आणि ते पगारातून कापायचं ठरलेलं. काही मुलं बर्लिनच्या त्यांच्या दूतावासात गेली तेव्हा हे बाहेर आलं. मार्च २०२४मध्ये इंडोनेशियाच्या पोलिसांनी आकडा दिला: ३३ विद्यापीठं, १ हजार ४७ विद्यार्थी. गुन्हा मानवी तस्करीचा नोंदवला. तुझं पत्र वाचताना मला प्रत्येक ओळीला तीच मुलं आठवत होती. सत्र चालू असताना सुट्टी, न कळणारा करार, अगोदर पैसे, आणि ‘हे सगळं अधिकृत आहे’ असं सांगणारा ओळखीचा माणूस.

सरकारी कराराचं सांगते. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्यूर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी फेब्रुवारी २०२४मध्ये करार झाला, हे खरं. मी याच राज्यात राहते. पण तो कुशल मनुष्यबळासाठी आहे, रुग्णसेवा, इलेक्ट्रिशियन, हॉटेल, चालक अशा कामांसाठी, आणि त्यात आधी जर्मन शिकायचं असतं. विद्यार्थ्यांच्या सुट्टीतल्या नोकरीशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुणी मंत्र्यांसोबतचा फोटो दाखवला तरी त्या कराराची प्रत माग आणि त्यात फेरिएनजॉब कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांग.

आपल्याकडचा कायदाही तुझ्या बाजूनं आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे, तिथे सरांच्या क्लासचं नाव शोध. आणि नोंदणी असली तरी एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. पावतीही द्यावी लागते. तू भरलेल्या २५ हजारांची पावती मिळाली का? पत्रात काही लिहिलं नाहीस, म्हणजे नसावी.

तुमच्या भागात द्राक्षाचा व्यापारी येतो, थोडं टोकन देतो, बाग उतरवतो आणि पुढच्या हप्त्याच्या वेळी त्याचा फोन बंद लागतो. अण्णांनी हे आयुष्यभर पाहिलंय. इथे फरक एवढाच की टोकनसुद्धा तूच दिलंयस. म्हणून अण्णांपासून लपवू नकोस. तुला वाटतं ते चिडतील, कदाचित चिडतीलही. पण कागद, शिक्का, सौदा या बाबतीत घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आईला एकटीला हे ओझं वाहायला लावू नकोस. पाटल्या गहाण पडल्यावर त्यांना कळलं तर त्यांना पैशांपेक्षा न सांगितल्याचं जास्त लागेल.

आता तू विचारलं नाहीस, पण विचारणार असशील: खऱ्या वाटेनं गेलं तर काय मिळेल? तुझ्या सुट्टीत पाच आठवडे काम झालं असं धरू. ४० तासांनी २०० तास, २ हजार ७८० युरो. खोलीला ४००, खाण्याला २५०, प्रवासाच्या महिन्याच्या तिकिटाला ६३. म्हणजे दोन हजारांच्या आसपास उरतात, त्यातून कर जाईल. विमानाचं जाऊन-येऊन ७०-८० हजार, व्हिसाचे ९० युरो आणि सेवा शुल्क, विमा. हातात लाखाच्या आतबाहेर राहील, बहुधा आतच. तेही महिनोन्‌महिने आधी अर्ज करून, कामापुरतं जर्मन येत असेल तर, आणि झेडएव्हीकडे तुझ्या तारखांना काम असेल तर. या उन्हाळ्यासाठी वेळ टळलेली आहे. आणि एवढ्यानं सोसायटीचं कर्ज फिटणार नाही, हे मी तुला आत्ताच स्पष्ट सांगते. ती जबाबदारी वीस वर्षांच्या मुलानं एका उन्हाळ्यात पेलायची नसते. कर्जाचं पुनर्गठन होतं का, पीकविम्याचं काय झालं, हे अण्णांबरोबर बसून सोसायटीच्या सचिवांना विचारणं, तो अर्ज तू स्वतः लिहून देणं, यात तुझी सुट्टी जास्त सत्कारणी लागेल.

जर्मनी तुला मनापासून हवी असेल, तर ती अशी ९० दिवसांत मिळवण्यापेक्षा पदवीनंतर मिळव. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही. आमच्या बाडेन-व्यूर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १ हजार ५०० युरो आहे, पण शेजारच्या बऱ्याच राज्यांत ते नाही. खर्चाची तरतूद दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं बँक खातं) वर्षाचे ११ हजार ९०४ युरो ठेवावे लागतात, ही मोठी रक्कम आहे आणि तिच्यासाठी शैक्षणिक कर्ज काढतात बरेचजण. पण एकदा तिथे शिकायला गेलास की वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी व्हिसाबरोबरच मिळते. तिथली मोठी सुट्टी जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असते. मेकॅनिकलच्या मुलांना त्या सुट्टीत मोटारींच्या कारखान्यात काम मिळतं, किमान वेतनापेक्षा बरंच जास्त देणारं. आणि सप्टेंबरमध्ये मोझेल नदीच्या उतारांवर, फाल्त्समध्ये द्राक्षाची काढणी असते. कात्री कशी धरायची, घड कुठे तोडायचा, हे तुला कुणी शिकवावं लागणार नाही. त्या बागांमध्ये तू उभा आहेस अशी कल्पना करायला मला फार आवडलं.

त्यासाठी आत्ता या सुट्टीत भाषा सुरू कर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे चौकशी कर. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, त्यांचे वर्ग ऑनलाइनही असतात. ए-वन ही सगळ्यात पहिली पातळी मन लावून केली तर काही महिन्यांत होते. निदान पुढचा करार तुझा तू वाचशील. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीत महिनाभर एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून उभा राहिलास, तर तो अनुभव पुढे जर्मन विद्यापीठाच्या अर्जातही कामाला येतो. बऱ्याच अभ्यासक्रमांना अगोदरचा कारखान्यातला अनुभव लागतो.

आणि सरांनी ‘मग टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर काम लावून देतो’ असा नवा मार्ग काढला, तर ऐकूसुद्धा नकोस. त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे. पकडला गेलास तर परत पाठवतील, आणि पगार बुडाला तरी तक्रार करायची तुला भीती वाटेल. अशा मालकांना हेच हवं असतं.

राहिले तुझे २५ हजार. मोबाइलवरून भरलेत, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक बँकेकडे आहे. तो, सरांचे सगळे निरोप, कराराचे फोटो, क्लासची जाहिरात, सगळं एका ठिकाणी साठवून ठेव. काहीही डिलीट करू नकोस. मग पैसे आणि पासपोर्ट परत मागणारं साधं पत्र लिही, आठ दिवसांची मुदत दे, स्पीड पोस्टानं पाठव. मुदत संपली की स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज आणि त्याची प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाला. परराष्ट्र मंत्रालयाची प्रवासी मदतवाहिनी १८०० ११ ३०९० वर आहे, फोनचे पैसे लागत नाहीत. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकवलं तर सांगलीच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात जा.

एकट्यानं जाऊ नकोस. तुम्ही पाचजण आहात, प्रत्येकानं किती आणि कधी भरले याची एकच यादी करा, पाचही जणांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाच्या घरचं एक मोठं माणूस बरोबर न्या. कुणाचे पालक अजूनही सरांवर विश्वास ठेवून असतील, तर त्यांना करारातला ९.५०चा आकडा आणि सुट्टीच्या तारखा दाखव. सर पाचजणांपैकी कुणा एकाला गुपचूप पैसे परत देऊन गप्प बसवायचा प्रयत्न करतील, हेही आधीच आपसात बोलून ठेवा. कराराच्या दोन्ही पानांचं ओळीनुसार मराठी भाषांतर मी करून दिलंय, तुझ्या ईमेलवर आलं असेल. तक्रारीला ते जोड.

– तुझी ताई